फ्रंटएंड कंटेनरमध्ये असतो, पण त्याचा कोड तिथे चालत नाही

डॉकरमध्ये फ्रंटएंडचा एक कंटेनर (ॲप चालवायचा वेगळा बंदिस्त डबा), बॅकएंडचा एक कंटेनर, कंपोज फाईल (कोणते कंटेनर कसे चालवायचे ते सांगणारी) लिहून झाली, दोन्ही कंटेनर चालू दिसतायत, लॉगमध्ये एकही एरर नाही, ब्राउझरमध्ये पेजसुद्धा उघडतंय, आणि तरी लॉगिनचं बटण दाबलं की डेटा काही येत नाही. टीममध्ये नवीन आलेली मुलंमुली हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारतात की म्हटलं एकदा सगळं बैजवार लिहूनच टाकते. यात जवळजवळ प्रत्येक अडचणीच्या मुळाशी एकच गोष्ट असते, कॉल नेमका कोण करतंय आणि तो जिथे बसलाय तिथून समोरचा त्याला कोणत्या नावाने दिसतो. हे एकदा नीट डोक्यात बसलं की बाकीचं सगळं त्यातूनच उलगडत जातं.

तर पहिल्यापासून बघू. रिॲक्ट असो, व्ह्यू असो, अँग्युलर असो, बिल्ड केल्यावर हातात काय येतं, तर एक एचटीएमएल, थोडं सीएसएस आणि जावास्क्रिप्टच्या फाईली. फ्रंटएंडच्या कंटेनरमध्ये एनजिनएक्स (Nginx) हा वेब सर्व्हर बसलेला असतो आणि त्याचं काम इतकंच की कोणी मागितल्या की या फाईली देणे. फाईली दिल्या, त्याचं काम संपलं. ती जावास्क्रिप्ट मग चालते कुठे, तर वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये, त्याच्या लॅपटॉपवर नाहीतर फोनवर. एपीआयला (बॅकएंडच्या डेटा देणाऱ्या पत्त्यांना) जो फेच, म्हणजे रिक्वेस्ट, मारला जातो तो तिथून मारला जातो, कंटेनरमधून नाही. आपण मात्र मनात चित्र धरतो की फ्रंटएंड कंटेनर बॅकएंड कंटेनरशी बोलतोय, आणि आर्किटेक्चरच्या आकृतीतही या दोन चौकोनांमध्ये एक सरळ बाण काढलेला असतो, सगळी गल्लत त्या बाणापासून सुरू होते. खरा बाण ब्राउझरपासून निघतो आणि ब्राउझर डॉकरच्या नेटवर्कच्या बाहेर आहे.

आता लोकलहोस्टचं बघा, म्हणजे विचारणारा जिथे बसलाय तीच जागा. फ्रंटएंडच्या कोडमध्ये एपीआयचा पत्ता लोकलहोस्ट, पोर्ट ८००० असा लिहिला आणि बॅकएंडचा ८००० पोर्ट बाहेर पब्लिश केला की स्वतःच्या मशीनवर सगळं झकास चालतं, कारण ब्राउझरही तिथेच आणि पब्लिश केलेला पोर्टही तिथेच. मग कोणीतरी तीच साईट फोनवरून उघडतं, किंवा ती सर्व्हरवर जाते, आणि धाडकन बंद, कारण फोनवरच्या ब्राउझरसाठी लोकलहोस्ट म्हणजे तो फोन आणि फोनवर तुमचा बॅकएंड नाहीये. आणि एखाद्या कंटेनरच्या आतून लोकलहोस्ट म्हटलं तर तो फक्त तो एकटा कंटेनर, कारण प्रत्येक कंटेनरला स्वतःचं वेगळं नेटवर्क नेमस्पेस असतं, शेजारचा कंटेनर त्यात येत नाही आणि होस्ट मशीनही येत नाही. होस्टवर चालणाऱ्या एखाद्या गोष्टीशी कंटेनरमधून बोलायचं असेल तर डॉकर डेस्कटॉपवर होस्ट डॉट डॉकर डॉट इंटरनल हे नाव तयारच मिळतं, लिनक्सवर साधं इंजिन असेल तर एक्स्ट्रा होस्ट्समध्ये ते नाव होस्ट-गेटवेला जोडून द्यावं लागतं, ही सोय डॉकर २०.१० पासून आहे.

मग कोणीतरी सांगतं की लोकलहोस्ट नको, सर्व्हिसचं नाव टाक. सल्ला बरोबर आहे पण जागा चुकते. कंपोज प्रत्येक प्रोजेक्टसाठी एक नेटवर्क आपणहून बनवतं आणि त्यात डॉकरचा स्वतःचा डीएनएस असतो, कंटेनरच्या आतून तो १२७.०.०.११ या पत्त्यावर दिसतो, आणि तो सर्व्हिसच्या नावावरून कंटेनरचा आयपी सांगतो. म्हणून बॅकएंड हे नाव कंटेनरच्या आत चालतं. (डॉकरच्या डिफॉल्ट ब्रिज नेटवर्कवर ही नावाची सोय नाही, म्हणून कंपोज न वापरता हाताने डॉकर रन मारणाऱ्यांनी आधी स्वतःचं नेटवर्क बनवावं.) पण ब्राउझर त्या डीएनएसला विचारतच नाही ना! त्याला बॅकएंड नावाचं कोणी माहीतच नाही, म्हणून कन्सोलमध्ये नेम नॉट रिझॉल्व्हड येतं. इथे लोक अगदी चक्रावतात, कारण फ्रंटएंड कंटेनरमध्ये एक्झेक करून आत शिरलं आणि डब्ल्यूगेटने बॅकएंडला हाक मारली तर व्यवस्थित उत्तर येतं, ब्राउझरमधून मात्र नाही. दोन्ही खरं आहे, कारण विचारणारे दोन वेगळे आहेत.

पोर्टचंही तसंच. कंपोजमध्ये ८०८० कोलन ८० लिहिलं की डावीकडचा होस्टचा आणि उजवीकडचा कंटेनरचा. ब्राउझर डावीकडचा वापरतो, कंटेनर एकमेकांशी बोलताना उजवीकडचा वापरतात, आणि कंटेनर-कंटेनर बोलण्यासाठी पोर्ट पब्लिश करायची मुळी गरजच नसते.

एक गोष्ट जी बऱ्याच जणांना उशिरा सापडते ती म्हणजे बॅकएंड ऐकतोय कुठे. फ्लास्कचा डेव्ह सर्व्हर, जँगोचा रनसर्व्हर, युव्हिकॉर्न, हे सगळे काही सांगितलं नाही तर १२७.०.०.१ वर बसतात, म्हणजे फक्त स्वतःच्या कंटेनरच्या आतलं ऐकतात. बाहेरून पोर्ट कितीही मॅप करा, आत दार बंदच. त्यांना ०.०.०.० वर बसवावं लागतं. याची खूण ओळखायला शिका: शेजारच्या कंटेनरमधून विचारलं तर कनेक्शन रिफ्यूज्ड येतं, आणि होस्टवरून पब्लिश केलेल्या पोर्टवर विचारलं तर बहुतेक वेळा कनेक्शन रीसेट किंवा रिकामं उत्तर येतं, कारण होस्टच्या बाजूला डॉकर कनेक्शन घेतो आणि आत कोणी उचलत नाही म्हणून सोडून देतो. वीट (Vite, फ्रंटएंड बिल्ड करायचं साधन) चा डेव्ह सर्व्हरही असाच लोकलहोस्टवर बसतो, पोर्ट ५१७३, कंटेनरमध्ये चालवायचा तर त्याला होस्टचा पर्याय द्यावाच लागतो.

आता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. यात सगळ्यात जास्त वेळ वाया जाताना मी बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बॅकएंडची सवय अशी की कंपोज फाईलमध्ये व्हेरिएबल बदललं, कंटेनर रीस्टार्ट केला, नवीन व्हॅल्यू लागू. फ्रंटएंडला तेच लावायला जातात आणि काहीही बदलत नाही. वीट वापरत असाल तर वीट अंडरस्कोअर ने सुरू होणारी व्हेरिएबल्स, नेक्स्टमध्ये (Next.js) नेक्स्ट पब्लिक वाली, ही बिल्डच्या वेळी वाचली जातात आणि कोडमध्ये जिथे जिथे ते नाव आहे तिथे व्हॅल्यू अक्षरशः मजकूर म्हणून चिकटवली जाते. इमेज (ज्या साच्यावरून कंटेनर चालतो ती) बनली तेव्हा जो पत्ता होता तो जावास्क्रिप्टच्या फाईलमध्ये कायमचा छापला गेला. नंतर कंटेनरला दिलेलं व्हेरिएबल एनजिनएक्सच्या प्रोसेसला मिळतं, पण ब्राउझरमध्ये पोचलेल्या फाईलला त्याचा पत्ताच नाही. विश्वास बसत नसेल तर कंटेनरमध्ये शिरून डिस्ट या बिल्डच्या फोल्डरमधल्या जेएस फाईलवर ग्रेप (मजकूर शोधायची कमांड) मारा, जुना पत्ता तिथे ढळढळीत दिसेल.

यावर उपाय म्हणून काही जण स्टेजिंगची (आधी तपासायच्या सर्व्हरची) वेगळी इमेज आणि प्रॉडक्शनची वेगळी इमेज बनवतात, बिल्ड आर्ग्युमेंट देऊन. चालतं, पण मला ते पटत नाही, कारण मग स्टेजिंगवर जी इमेज तपासली ती प्रॉडक्शनला जातच नाही, दुसरीच जाते. त्यापेक्षा कंटेनर सुरू होताना एक छोटी कॉन्फिग फाईल बनवून पेजने ती आधी लोड करायची ही पद्धत बरी. एनजिनएक्सच्या अधिकृत इमेजमध्ये डॉकर-एंट्रीपॉइंट डॉट डी नावाच्या फोल्डरमधल्या स्क्रिप्ट सुरुवातीला आपोआप चालतात, त्यात हे सहज बसवता येतं, फक्त त्या फाईलला ब्राउझरने कॅश करू नये एवढं बघा. पण सगळ्यात उत्तम म्हणजे फ्रंटएंडमध्ये पत्ता ठेवूच नये. नुसतं /एपीआय/युजर्स असं लिहायचं, होस्ट नाही, पोर्ट नाही. ज्या पत्त्यावरून पेज आलं त्याच पत्त्यावर ब्राउझर आपोआप विचारेल.

आणि इथेच आपण मुख्य निवडीला येतो. एकतर ब्राउझरने थेट बॅकएंडकडे जायचं, दुसऱ्या ओरिजिनवर, आणि सीओआरएस (CORS, दुसऱ्या ओरिजिनच्या पेजला उत्तर वाचू द्यायची परवानगी) नीट लावायचं. नाहीतर ब्राउझरने एकाच ओरिजिनशी बोलायचं आणि मधल्या एनजिनएक्सने /एपीआय ची रिक्वेस्ट आतल्या आत बॅकएंडकडे पाठवायची, म्हणजे प्रॉक्सी व्हायचं. मी दुसऱ्या बाजूची आहे आणि ठामपणे आहे.

सीओआरएस वाईट नाही, पण ते नीट समजून न घेता जो तो हेडर टाकत सुटतो. ओरिजिन म्हणजे स्कीम, होस्ट आणि पोर्ट तिन्ही मिळून, म्हणून लोकलहोस्ट ३००० आणि लोकलहोस्ट ८००० हे ब्राउझरच्या लेखी परके. जेसन पाठवलं किंवा ऑथोरायझेशन हेडर लावला की ब्राउझर आधी ऑप्शन्सची प्रीफ्लाइट रिक्वेस्ट पाठवून परवानगी विचारतो, आणि या प्रीफ्लाइटमध्ये कुकी नसते, टोकन नसतं. आता तुमचं लॉगिन तपासणारं मिडलवेअर सीओआरएसच्या आधी लागलेलं असेल तर ते त्या बिचाऱ्या ऑप्शन्सला ४०१ देऊन परत पाठवतं आणि खरी रिक्वेस्ट निघतच नाही. तसंच कुकी पाठवायच्या असतील तर अलाऊ ओरिजिन या हेडरमध्ये तारा (*) चालत नाही, नेमका ओरिजिन लिहावा लागतो. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे कन्सोलमध्ये सीओआरएसची लाल ओळ दिसली म्हणजे अडचण सीओआरएसचीच असेल असं नाही, बॅकएंड आतून ५०० देऊन कोसळला किंवा मधल्या प्रॉक्सीने ५०२ चं पान दिलं तर त्या उत्तरावर सीओआरएसचे हेडर नसतात, म्हणून ब्राउझर तक्रार सीओआरएसची करतो. आधी बॅकएंडचा लॉग बघा, मग हेडरला हात लावा. कर्ल किंवा पोस्टमनमधून चालतंय हे सांगून उपयोग नाही, ते हा नियम पाळतच नाहीत, तो ब्राउझरचा नियम आहे.

एकाच ओरिजिनचा मार्ग घेतला की हे सगळं गळून पडतं. प्रीफ्लाइट नाही, कुकीच्या सेमसाईटची कटकट नाही, पेज एचटीटीपीएस आणि एपीआय साधा एचटीटीपी म्हणून ब्राउझरने मिक्स्ड कंटेंट अडवलं असंही नाही. आणि आता सर्व्हिसचं नाव बरोबर जागी येतं, कारण प्रॉक्सीची रिक्वेस्ट एनजिनएक्स करतो आणि तो नेटवर्कच्या आत आहे, म्हणून प्रॉक्सी पासमध्ये (रिक्वेस्ट पुढे कुठे पाठवायची ते सांगणारी ओळ) बॅकएंड, पोर्ट ८००० असं लिहिलं की बरोबर पोचतं.

अर्थात एनजिनएक्सचे स्वतःचे काही बारकावे आहेत. पहिला तो शेवटचा स्लॅश. लोकेशन /एपीआय/ आणि प्रॉक्सी पासच्या पत्त्याच्या शेवटी स्लॅश दिला तर /एपीआय/युजर्स ची बॅकएंडला फक्त /युजर्स होऊन जाते. स्लॅश नाही दिला तर पूर्ण /एपीआय/युजर्स जशीच्या तशी जाते. दोन्ही बरोबर आहे, तुमच्या बॅकएंडचे राऊट कसे लिहिलेत त्यावर ठरतं, पण ४०४ येत असेल तर सर्वात आधी इथे बघा, एका अक्षराचा फरक असतो.

दुसरा, सिंगल पेज ॲपसाठी आपण लिहितो की फाईल सापडली नाही तर इंडेक्स डॉट एचटीएमएल दे. आता /एपीआय चा लोकेशन ब्लॉक लिहायचा राहिला किंवा त्यात पाथ चुकला, तर एनजिनएक्स एपीआयच्या प्रश्नालाही इंडेक्सचं पान देतो, तेही २०० स्टेटसने. फ्रंटएंड ते जेसन म्हणून वाचायला जातो आणि पहिल्याच अक्षराला अडतो, अनएक्स्पेक्टेड टोकन आणि पुढे तो एचटीएमएलचा कोनी कंस. हा एरर दिसला की बॅकएंडकडे बघूच नका, रिक्वेस्ट तिथवर गेलेलीच नाही. नेटवर्क टॅबमध्ये रिस्पॉन्स उघडा, तुमचंच पान तुम्हाला दिसेल.

तिसरा जरा खोल आहे. प्रॉक्सी पासमध्ये नाव सरळ लिहिलं असेल तर एनजिनएक्स ते सुरू होताना एकदाच सोडवतो आणि तो आयपी धरून बसतो. सुरू होताना बॅकएंडचं नाव सापडलंच नाही तर होस्ट नॉट फाउंड इन अपस्ट्रीम म्हणून चक्क बंद पडतो. आणि नंतर बॅकएंडचा कंटेनर नव्याने बनला, त्याला वेगळा आयपी मिळाला, तर एनजिनएक्स जुन्याच आयपीला हाका मारत राहतो आणि सगळीकडे ५०२. बॅकएंड धडधडीत चालू असतो, लॉगमध्ये एक ओळ येत नाही. एनजिनएक्स रीलोड केला की लगेच चालू होतं म्हणून लोक ते विसरून जातात आणि पुढच्या डिप्लॉयला पुन्हा तेच. पक्का इलाज म्हणजे रिझॉल्व्हर म्हणून १२७.०.०.११ द्या आणि प्रॉक्सी पासमध्ये नाव व्हेरिएबलमधून द्या, मग तो ठराविक वेळाने परत विचारतो. फक्त लक्षात ठेवा की व्हेरिएबल आलं की वरचा स्लॅशचा नियम तसाच लागत नाही, पाथ कापायचा असेल तर वेगळा रीराईट लिहा. १.२७.३ पासून फुकटच्या एनजिनएक्समध्येही अपस्ट्रीमच्या सर्व्हर ओळीला रिझॉल्व्ह हा पर्याय मिळतो, नवीन सेटअप असेल तर तो जास्त स्वच्छ वाटतो मला.

छोट्या छोट्या मर्यादाही असतात. फाईल अपलोड ४१३ देत असेल तर बॉडीची डिफॉल्ट मर्यादा १ एमबी आहे ती वाढवा. लांबलेला रिपोर्ट बरोब्बर मिनिटभराने ५०४ देत असेल तर रीड टाइमआऊट ६० सेकंद आहे म्हणून. वेबसॉकेटला अपग्रेडचे हेडर आणि एचटीटीपी १.१ स्वतःहून लिहावं लागतं.

होस्ट हेडरबद्दल मात्र थांबून सांगते. फास्टएपीआय या पायथॉनच्या बॅकएंड फ्रेमवर्कमध्ये राऊट /युजर्स/ असा शेवटी स्लॅश लावून लिहिला आणि फ्रंटएंडने स्लॅशशिवाय विचारलं तर तो रीडायरेक्ट देतो, आणि त्या रीडायरेक्टमधला पूर्ण पत्ता होस्ट हेडरवरून बनतो. एनजिनएक्समध्ये नुसतं डॉलर होस्ट दिलं तर त्यात पोर्ट नसतो, म्हणून साईट ८०८० वर असताना ब्राउझर ८० कडे पळतो आणि तिथे कोणी नसतं. पोर्टसकट हवं तर डॉलर एचटीटीपी होस्ट. एचटीटीपीएस बाहेर कुठेतरी संपत असेल तर एक्स-फॉरवर्डेड-प्रोटोही द्या, नाहीतर रीडायरेक्ट साध्या एचटीटीपीवर जाईल, आणि युव्हिकॉर्न डिफॉल्टने हे हेडर फक्त १२७.०.०.१ कडून आले तरच मानतो, म्हणून त्याला कोणावर विश्वास ठेवायचा ते सांगावं लागतं.

डेव्हलपमेंटमध्ये एनजिनएक्स नसतो, तिथे वीटचा प्रॉक्सी हेच काम करतो. तो प्रॉक्सी नोडच्या प्रोसेसमध्ये चालतो, म्हणजे वीट कंटेनरमध्ये असेल तर टार्गेटमध्ये सर्व्हिसचं नाव, आणि वीट तुमच्या मशीनवर थेट चालत असेल तर लोकलहोस्ट. परत तोच प्रश्न, विचारणारा कुठे बसलाय. आणि हा प्रॉक्सी फक्त डेव्ह सर्व्हरचा आहे, बिल्डमध्ये तो येत नाही, म्हणून डेव्हला चाललं आणि बिल्डला नाही असं झालं की एनजिनएक्समध्ये त्याची जोडीदार ओळ आहे का बघा.

नेक्स्टसारखं सर्व्हर साईड रेंडरिंग असेल तर एकाच ॲपमध्ये दोन विचारणारे असतात, पहिलं पान बनवताना कंटेनरमधला नोड आणि नंतर क्लिक केल्यावर ब्राउझर. तिथे एका पत्त्यात भागत नाही. आतल्यासाठी सर्व्हिसच्या नावाचा पत्ता, तो पब्लिक प्रिफिक्स न लावता ठेवायचा, आणि बाहेरच्यासाठी /एपीआय. पान रिफ्रेश केलं की चालतं पण आतून लिंकवर गेलं की नाही, किंवा बरोबर उलटं, असं काही दिसलं तर हेच असतं.

कंपोजमधल्या डिपेंड्स ऑनवर फार भिस्त ठेवू नका, नुसतं लिहिलं तर ते कंटेनर सुरू होण्याचा क्रम पाळतं, आतलं ॲप तयार झालं की नाही ते बघत नाही. बॅकएंडला हेल्थचेक लावा आणि सर्व्हिस हेल्दीची अट घाला.

काही अडलंच तर मी ब्राउझरपासून आत आत जाते. नेटवर्क टॅबमध्ये रिक्वेस्टचा पूर्ण पत्ता वाचते, कारण निम्म्या वेळा उत्तर तिथेच असतं, पत्त्यात अनडिफाईंड हा शब्द दिसतो किंवा /एपीआय/एपीआय असं दोनदा आलेलं असतं. मग एनजिनएक्सचा ॲक्सेस लॉग, तिथे ही रिक्वेस्ट दिसली का. दिसली तर एनजिनएक्सच्या कंटेनरमधून बॅकएंडच्या हेल्थ राऊटला डब्ल्यूगेट. तेही आलं तर बॅकएंडच्या लॉगमध्ये पाथ काय पोचला. ज्या पायरीवर रिक्वेस्ट गायब झाली तिथेच दोष, पुढचं काही उचकायचं कारण नाही. बॅकएंडच्या इमेजमध्ये कर्लही नसेल तर त्याच नेटवर्कवर कर्लवाला एक तात्पुरता कंटेनर उभा करा, इमेज फुगवू नका.

आणि हे सगळं जुळून आलं, /एपीआय मधून डेटा यायला लागला, की कंपोज फाईलमध्ये बॅकएंडच्या खाली असलेल्या पोर्ट्सच्या ओळी काढून टाका. आता त्यांचं काही काम नाही, बाहेरून फक्त एनजिनएक्सचा पोर्ट लागतो. सर्व्हरवर यूएफडब्ल्यू (लिनक्सचा फायरवॉल) लावलंय म्हणून तो पोर्ट बंदच असेल असं धरून चालू नका, डॉकर पब्लिश केलेल्या पोर्टसाठी आयपीटेबल्सचे स्वतःचे नियम लिहितो आणि ती रहदारी यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोचतच नाही, म्हणजे तुमचा बॅकएंड सगळ्या जगाला उघडा राहतो, एनजिनएक्सवर लावलेल्या कसल्याही बंधनाशिवाय. डीबगिंगसाठी हवाच असेल तर ओळीत पुढे १२७.०.०.१ लिहा, म्हणजे तो फक्त त्या मशीनवरूनच उघडेल. डेटाबेसच्या सर्व्हिसलाही अगदी हेच लागू, तिथे तर आजच बघा.